चाल सुधारण्याआधी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रुग्ण दारातून आत येतो, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीपर्यंत पोचतो आणि बसतो. तेवढ्या आठ-दहा पावलांत माझी निम्मी तपासणी झालेली असते. रुग्णाला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, तपासणी अजून सुरू व्हायची आहे. पुढे मी 'जरा चालून दाखवा बरं' म्हणते, तेव्हा तो सावरून, छाती पुढे काढून, शाळेतल्या कवायतीसारखा चालून दाखवतो. ती चाल माझ्या फारशी उपयोगाची नसते. दारातून आत आला, ती त्याची खरी चाल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे येणारे पुष्कळ जण मला 'व्यायामवाल्या बाई' म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. पण व्यायाम सांगण्याआधी आम्हाला एक काम करावं लागतं, ते म्हणजे बघण्याचं. बिघडलेली चाल कशी बघायची आणि ती पुन्हा मार्गावर कशी आणायची, याविषयी मी आज बोलणार आहे.

चालायला आपण इतक्या लहानपणी शिकतो की शिकल्याची आठवणही राहत नाही. पण ही क्रिया वाटते तितकी सोपी नाही. एका पायाची टाच जमिनीला टेकली, तिथपासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचा एक फेरा धरतात. मोठ्या माणसाचा हा फेरा साधारण एका सेकंदात पुरा होतो. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा वेळ जेमतेम २० टक्के. याचा अर्थ असा, की चालताना उरलेला ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर उभे असतो!

आता पावलाकडे बघा. आधी टाच टेकते, मग तळवा. सगळं अंग त्या पायावरून पुढे सरकतं. मग टाच उचलली जाते, चवडा जमीन मागे रेटतो आणि पाय पुढे झुलतो. झुलताना मधल्या एका क्षणी पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर असतो. सतरंजीची दुमडलेली कड किंवा जरा वर आलेली फरशी म्हाताऱ्या माणसाला का पाडते, ते यावरून लक्षात येईल. हे सगळं निर्वेध चालायचं, तर सांधे मोकळे हवेत, स्नायूंत ताकद हवी, तळव्यांना जमीन कळायला हवी, डोळे आणि कानातलं तोलाचं यंत्र शाबूत हवं आणि मेंदूचा हुकूम वेळेवर पोचायला हवा. यातलं एक जरी बिनसलं तरी चाल बदलते.

पण ती थांबत नाही, हे महत्त्वाचं. शरीर काहीतरी तोड काढतं आणि माणूस चालत राहतो. ती तोड म्हणजेच आपण ज्याला लंगडणं म्हणतो ते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. ती खरी कळली मात्र एका माणसाचं नुकसान झाल्यावर.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही हकीकत. एक शिंपीकाका कंबरदुखीसाठी माझ्याकडे आले. लहानपणी त्यांना पोलिओ झालेला होता. देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पण त्याआधी ज्यांना तो झाला, ती माणसं आजही आपल्यात आहेत. या काकांचा उजवा पाय बारीक होता. दर पावलाला ते पुढे वाकायचे, उजव्या हाताने उजव्या मांडीवर दाब द्यायचे आणि मग डावं पाऊल उचलायचे. कंबर दुखायचं कारण उघड होतं. दिवसातून हजार वेळा असं वाकल्यावर कुणाची कंबर दुखणार नाही?

मी उत्साहाने त्यांना ताठ चालायला शिकवलं. दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं, समोर आरसा ठेवला. 'काका, हात मांडीवरून काढा, समोर बघा.' आरशासमोर ते छान चालले. मी म्हटलं, घरीही असंच चाला. ते आज्ञाधारकपणे तसंच चालले. चौथ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर त्यांचा गुडघा एकदम दुमडला, ते पडले आणि मनगटाचं हाड मोडलं. शिंप्याचं मनगट! दीड महिना हात प्लास्टरमध्ये आणि मशीन बंद.

काय झालं होतं? मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघा सरळ धरून ठेवतो. पोलिओने त्यांचा तो स्नायू गेलेला होता. मांडीवरचा हात ही काही वाईट सवय नव्हती. तो हात त्या स्नायूचं काम करत होता. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः शोधलेल्या उपायाने स्वतःला सांभाळलं होतं आणि तो उपाय मी चार दिवसांत काढून घेतला. त्याच्या जागी दुसरं काही दिलं नाही. आरशासमोर ते पडले नाहीत, कारण तिथे दांड्या होत्या.

काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. नंतर आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही माझं वाकणं बघितलं, पाय नाही बघितला." मला आजवर मिळालेली ही सर्वांत चांगली शिकवणी. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. एखादा माणूस वाकडा का चालतो हे समजल्याशिवाय त्याला सरळ चालायला सांगायचं नाही.

मग समजून कसं घ्यायचं? पहिली तपासणी डोळ्यांनी. रुग्णाला समोरून, बाजूने आणि मागून चालताना बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बघायची: आधी घोटा, मग गुडघा, मग खुबा, मग खांदे आणि हात. कानांनीही तपासता येतं. दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का, एक पाय घासतो का, एक पाऊल आपटतं का? चपला उलट्या करून बघायच्या. कुठली बाजू जास्त झिजली आहे, ते तळ सांगतो. मग रुग्णाला झोपवून, बसवून एकेक सांधा आणि एकेक स्नायू हाताने तपासायचा. दोन्ही पायांची लांबी मोजायची. तळव्यांची संवेदना बघायची.

आणि बरोबर चालता चालता गप्पा मारायच्या. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. वृद्धाश्रमातली जी माणसं चालताना बोलायची वेळ आली की थांबत, ती पुढच्या काळात जास्त पडत. चालण्यासाठीच सगळं लक्ष लागत असेल, तर बोलायला लक्ष उरत नाही. म्हणून मी रुग्णाला चालता चालता विचारते, "आज भाजी काय केली होती?" तो थांबून उत्तर देऊ लागला, की मी मनात नोंद करते.

दुसरी तपासणी घड्याळाने. १० मीटर अंतर नेहमीच्या चालीने किती सेकंदांत जातं, ते मोजायचं. निरोगी मोठ्या माणसाला साधारण सात ते आठ सेकंद लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉ. जॅकलिन पेरी यांनी आयुष्यभर चालीचा अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांच्या वेगाचे टप्पे मांडले. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असणारा रुग्ण बहुधा घरातच वावरतो. ०.४ ते ०.८ मीटर वेगाचा रुग्ण बाहेर पडतो, पण बेताने. त्याहून जास्त वेग असणारा बाजारहाट करू शकतो. म्हणजे १० मीटरला साडेबारा सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर रस्ता ओलांडायची आशा धरायला हरकत नाही. २०११ मध्ये ३४ हजारांहून जास्त वृद्धांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग जितका चांगला, तितकं पुढचं आयुष्य जास्त, असं त्यात आढळलं. याचा अर्थ भरभर चाललं की आयुष्य वाढतं, असा कुणी घेऊ नये. हृदय, फुप्फुसं, स्नायू, मेंदू या सगळ्यांची तब्येत चालण्यात दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

कारण सापडलं की उपाय त्याच्या मागोमाग येतो. सारखेच लंगडणारे दोन जण असले, तरी उपाय वेगळे असतात. काही उदाहरणं सांगते.

एका पायावर उभं राहताना कमरेची दुसरी बाजू खाली पडू नये, म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ती ओढून धरतात. ते दुबळे झाले की माणूस दर पावलाला एका बाजूला लचकतो. ही खूण जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इथे स्नायूंचे व्यायाम आणि काठी दोन्ही लागतात. आता सांगा, उजवा खुबा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात धरायची? दहातले आठ जण 'उजव्या' म्हणतील. बरोबर उत्तर आहे डाव्या. एका पायावर उभं राहताना स्नायूंच्या ओढीमुळे खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि दुखऱ्या सांध्यावरचा भार हलका होतो. गुडघा दुखत असला तरी नियम हाच. काठीची उंची मनगटाच्या घडीइतकी असावी. आजोबांची काठी आजीला चालत नाही, ती कापावी लागते. आणि जिन्यासाठी एक सूत्र लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. असा माणूस दिवसा बरा चालतो, पण रात्री बाथरूमला जाताना पडतो. जमीन पायांना कळत नसल्याने तो ती डोळ्यांनी बघत असतो आणि अंधारात डोळेही कामाचे राहत नाहीत. त्याला व्यायामाच्या जोडीला रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लागतो.

कंपवाताच्या रुग्णाची पावलं आखूड होतात. दारापाशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गंमत अशी, की हाच माणूस जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, तर त्या ओलांडत व्यवस्थित पावलं टाकतो. म्हणून दारासमोर हातभर अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवायला आम्ही सांगतो. तालाचाही उपयोग होतो. माझ्याकडे येणारे एक भजनी मंडळातले आजोबा अडकले की तोंडाने टाळांचा ठेका धरतात आणि पाऊल सुटतं.

आता अर्धांगवायूविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण घराघरांत प्रश्न पडतो तो याच रुग्णांचा. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे येत होते. डावी बाजू गेलेली. गुडघा वाकत नव्हता, पाऊल लोंबत होतं. त्यामुळे तो पाय लांबल्यासारखा होई आणि ते तो विळ्यासारखा बाहेरून फिरवून पुढे आणत. सुरुवातीला १० मीटरला ३० सेकंद लागायचे, तीन महिन्यांत १३ वर आले. मी खुशीत होते. एके दिवशी त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "चालतात हो, पण तुमच्या इथे. घरी दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत."

मी त्यांच्या घरी गेले. चार बोटं उंच उंबरा, त्यापुढे दोन उंचसखल पायऱ्या, कठडा नाही आणि मग गटारावर टाकलेली हलणारी फरशी. माझ्या विभागातल्या गुळगुळीत लादीवर यातलं काहीच नव्हतं. मी त्यांना तिथे चालायला शिकवलं होतं, जिथे त्यांना कुठेच जायचं नव्हतं! विचारलं, "सर, तुम्हाला जायचं कुठे आहे?" ते म्हणाले, "वाचनालयात. सकाळचे सगळे पेपर वाचायला."

मग आम्ही तेच ध्येय धरलं. पाऊल लोंबू नये म्हणून चपलेत बसणारी प्लास्टिकची पट्टी दिली. मुलाने पायऱ्यांना लोखंडी नळीचा कठडा लावून घेतला आणि फरशी पक्की केली. विभागात मी लाकडी उंबरा करून घेतला. तो ओलांडण्याचा सराव रोज, पुन्हा पुन्हा. मेंदूचा इजा झालेला भाग पूर्ववत होत नसला, तरी मेंदूचे दुसरे भाग सरावाने काही काम उचलतात. ज्या कामाचा सराव करावा, तेच काम सुधारतं. दोन महिन्यांनी सर वाचनालयात पोचले. पूर्वीचा पाच मिनिटांचा रस्ता, आता पंधरा मिनिटं लागली. पाय अजूनही थोडा बाहेरून फिरतो. मला त्याचं वाईट वाटत नाही आणि त्यांना तर मुळीच नाही.

पुष्कळ नातेवाईक विचारतात, "मॅडम, मोठ्या शहरात मशिनवर चालवतात म्हणे, तिकडे नेऊ का?" त्यांना मी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाविषयी सांगते. अर्धांगवायूच्या ४०८ रुग्णांपैकी काहींना पट्ट्याने वजन तोलून ट्रेडमिलवर चालवलं आणि काहींकडून फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षअखेर दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच होती. एकूण रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांचं चालणं वरच्या टप्प्यावर गेलं. यंत्र वाईट नाही. पण यंत्र नाही म्हणून घरातला माणूस खाटेवर पडून राहावा, याला काही आधार नाही.

'नॉर्मल चाल' म्हणजे काय, याचाही विचार आपण आपल्या जगण्यावरून केला पाहिजे. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बुटासाठी केलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखून रबराचा 'जयपूर फूट' घडवला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी आधी माणसाला काय करायचं आहे ते बघितलं आणि मग पाय केला.

शेवटी घरच्यांसाठी चार गोष्टी. एक सोपी चाचणी आहे. वृद्ध माणसाला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. शेजारी कुणीतरी उभं राहा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि तज्ज्ञांना दाखवा. दुसरी गोष्ट, चाल अचानक बिघडली, त्याबरोबर तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मालीश करत बसू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. लगेच रुग्णालय गाठा. तिसरी गोष्ट मुलांची. मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, किंवा चालणारं मूल तापात पाय टेकवेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजी एकदा पडल्या की घरातले प्रेमाने म्हणतात, "तुम्ही आता उठू नका, सगळं हातात देऊ." पडू नये म्हणून चालणं थांबवलं की स्नायू आणखी दुबळे होतात आणि मग पुढचं पडणं जवळ येतं. मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तरी बहुतेक रुग्णांना डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उभं करतात, ते याचसाठी. तेव्हा त्यांना चालू द्या. कठडा लावा, दिवा लावा, सतरंजी उचला, पण चालू द्या.

त्या शिंपीकाकांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. हात बरा झाल्यावर आम्ही त्यांना गुडघा धरून ठेवणारं हलकं कॅलिपर करून दिलं. बाजारात जाताना ते लावतात. घरात मात्र लावत नाहीत, पूर्वीसारखेच मांडीवर हात ठेवून चालतात. कंबर पूर्वीपेक्षा कमी दुखते. मी आता त्यांना हात काढायला सांगत नाही.

आज संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांबरोबर थोडं चालून बघा. त्यांना आपल्या वेगाने ओढू नका, त्यांच्या वेगाने चाला आणि त्यांची पावलं नीट बघा. ती काय सांगतात, ते आधी ऐकून घ्या.